मार्चएंडनंतरचा बर्फ

सांगलीत दुपारी एकोणचाळीस,
कोल्ड स्टोअरेजमध्ये चार.
म्हणून बैठक इथंच,
बेदाण्याच्या खोक्यांवर बूड टेकून,
मागच्या साली घेतलेली जाकिटं घालून.
रेवणसिद्धच्या खिशात अजून
रोपवेचं तिकीट निघतं, धुऊन पांढरं झालेलं.

बाबू हमाल ऐकत असतो सगळं.
"एवढं लांब जाऊन घसरायचं?
कृष्णेच्या घाटावर फुकट हाय की शेवाळ."
चौगुले वकील हसतात, मग गप्प होतात.
श्रावणात ते घाटावर घसरले होते,
स्की न घालता, पंचासकट.

तीन तारखेला गुड फ्रायडे. तीन, चार, आणि पाचची सकाळ.
त्याआधी जमत नाही.
त्याआधी पद्मजाची बँक आहे,
इरफानच्या टेबलावर लोकांच्या पावत्यांचे ढीग,
आणि माझ्याकडे तासगावहून येणारे ट्रक.
बर्फ आमच्या मार्चएंडला थांबत नाही.
तो आपली खाती आधीच मिटवून
ओढ्याओढ्यानं निघून जातो.

औली आमची शाळा.
तिथं नेगीसरांनी शिकवलं, पाय नांगरासारखे धरा,
आणि रेवणसिद्ध म्हणाला,
नांगर? मला?
आणि पहिल्याच दिवशी तोंडावर पडला.
पण एप्रिलात तिथं गवत डोकं काढतं.
गवतावरून तर आम्ही आमराईतही चालतो.

सोलंगचं नाव निघतं आणि विरघळतं.
इरफान म्हणतो, मोसम संपताना बर्फाचं एक वेळापत्रक असतं:
सकाळी आठला फरशी,
दहाला पेढा,
दोन वाजता श्रीखंड.
आपल्याला पेढा पाहिजे.
तो दोनच तास मिळतो, आणि उंचावर थोडा जास्त.

मग गुलमर्ग.
वर, अगदी वर, जिथं अजून भरपूर आहे?
रेवणसिद्धचे डोळे तिकडेच.
तेव्हा मला सांगावं लागतं,
जे मी तेरा महिने सांगितलं नव्हतं:
की मागच्या खेपेला मी वर गेले,
कड्यावरून खाली बघितलं,
आणि गंडोल्यात बसून परत आले.
खाली येऊन बुटांवर बर्फ चोळला.
कुणी काही बोलत नाही.
कॉम्प्रेसर तेवढा घुमतो.
मग चौगुले म्हणतात, मीसुद्धा. दोनदा.

आम्ही मधले.
शिकाऊंच्या दोरीला हात लावायची लाज वाटते,
पटाईतांच्या वाटेला लागलो
की गुडघा आतून म्हणतो, बघ हं.
विश्रामबागेत राहतो आम्ही,
ना धड सांगलीत, ना धड मिरजेत.
मधे असायची सवय आहे,
फक्त नकाशावर मधल्यांसाठी
फार कमी रेषा काढलेल्या असतात.

पद्मजा इतका वेळ एक बेदाणा
बोटांत फिरवत बसलेली.
खाली बघतच ती म्हणते,
"मला बर्फ किती आहे ते नका सांगू.
मला उतरण अशी पाहिजे
जिथं वळण नाही.
त्या वळणावर मी चाळीस मिनिटं पडून होते.
तुम्हाला वाटलं, मी पुढं गेले."

आम्हाला खरंच तसं वाटलं होतं.
चहाही प्यालो होतो आम्ही खाली.

तर ठरलं: गुलमर्ग, खालचा टप्पा,
ती रुंद पाठ,
जिच्या पायथ्याच्या टपरीवरून
वरचा माणूस ठिपक्याएवढा का होईना, दिसतो.
बर्फ कमी असेल. मधे मधे माती असेल.
रेवणसिद्ध मान हलवतो,
त्याच्या मानेनं हलवतो, मनानं नाही,
आणि मग मनानंही, थोडी.

बाबू दार ओढतो.
ऊन आत येतं, तोंडावर फडकं मारावं तसं.
चौगुलेंच्या चष्म्यावर वाफ धरते.
"मला काही दिसेना," ते उंबऱ्यावरच अडतात.
रेवणसिद्ध गाडीपाशी पोचलेला असतो,
किल्ली लावायच्या बेतात.
"थांबा," पद्मजा म्हणते.

तोही थांबतो.